वरचे खाली, डावीकडचे उजवीकडे: छायाचित्रात आणि चित्रात उलटे करण्याची रीत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एखाद्या जुन्या कौलारू घरात दुपारच्या वेळी माजघरात बसले की, सरकलेल्या कौलाच्या फटीतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर उतरलेला कवडसा दिसतो. फट तिकोनी असो की वेडीवाकडी, ती पुरेशी लहान असेल तर कवडसा गोल किंवा लंबगोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून आकाशातल्या सूर्याची प्रतिमा असते. किरणाला फटीपासून जमिनीपर्यंत 4 मीटर यावे लागत असेल, तर हा ठिपका साधारण पावणेचार सेंटीमीटर रुंद असतो. 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी आपल्या भागात खंडग्रास ग्रहण होते, तेव्हा झाडाखालचे आणि कौलांखालचे सगळे कवडसे एकदम कोरीचे झाले होते, आणि ती कोर आकाशातल्या कोरीच्या उलट होती. ज्या उलटापालटीविषयी हा लेख आहे ती आपल्या घरात अशी आधीपासूनच घडत असते; ती ओळखायची कशी, हवी तेव्हा मुद्दाम घडवायची कशी आणि नको तेव्हा टाळायची कशी, हे येथे प्रत्यक्ष कृतीसह सांगितले आहे.

आधी तीन उलटे वेगळे करा

“उलटे” या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या क्रिया कोंबतो आणि बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. बटर पेपरच्या एका तुकड्यावर ठळक स्केच पेनने “गाव” असा शब्द लिहा. कागद टेबलावरून न उचलता अर्धा गोल फिरवला, तर शिरोरेखा खाली जाईल आणि “ग” उजवीकडे येईल. याला आपण अर्धा फेरा म्हणू. कागद मूळ स्थितीत आणून त्याची खालची कड उचलून वरच्या बाजूला पालथी टाकली, तर शिरोरेखा खालीच जाईल, पण “ग” डावीकडेच राहील. ही पाण्यातली उलट. तिसऱ्या वेळी कागद वहीचे पान उलटावे तसा उलटला, तर शिरोरेखा वर राहील आणि “ग” उजवीकडे जाईल. ही आरशातली उलट. मोबाइलमधल्या “रोटेट” या बटणाने दोनदा फिरवले की अर्धा फेरा होतो, आणि “फ्लिप” या बटणाच्या उभ्या व आडव्या प्रकारांनी बाकीचे दोन प्रकार साधतात. बटर पेपरचा हा तुकडा फेकू नका, कारण पुढे जेथे गोंधळ होईल तेथे तो उपयोगी पडतो.

खोलीचाच कॅमेरा करणे

माझ्या मते या विषयाची सुरुवात कोणत्याही अॅपने न करता अंधाऱ्या खोलीने करावी, कारण तेथे उलट प्रतिमा डोळ्यांसमोर, आपल्याच घराच्या भिंतीवर उतरताना दिसते आणि तिचे कारणही त्याच क्षणी कळते. प्रकाश सरळ रेषेत जातो. नारळाच्या शेंड्याकडून येणारा किरण लहान छिद्रातून आत शिरला की भिंतीच्या खालच्या भागावर पडतो आणि बुंध्याकडून येणारा किरण वरच्या भागावर, एवढीच ही गोष्ट आहे. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातल्या मागच्या बाजूच्या खोलीत भिंतीवर पूर्वेकडच्या गोपुराची जी उलटी सावली दाखवतात, ती प्रत्यक्षात सावली नसून अशाच छिद्रातून पडलेली प्रतिमा आहे.

खिडकी निवडताना बाहेर उंच, ठळक आकाराची वस्तू असेल असे पाहावे: नारळ, देवळाचा कळस, पाण्याची टाकी. ती वस्तू उन्हात न्हालेली असली पाहिजे आणि खिडकीकडे तिची उजळ बाजू असली पाहिजे, म्हणून पूर्वेकडच्या खिडकीसाठी दुपार उलटल्यावरची वेळ आणि पश्चिमेकडच्या खिडकीसाठी सकाळ योग्य ठरते. पावसाळ्यातले आपल्याकडचे ढगाळ दिवस या कामाला निरुपयोगी आहेत. दसऱ्यानंतरचे स्वच्छ ऊन सर्वांत चांगले.

खिडकीच्या मापाचा जाड पुठ्ठा कापून चौकटीत बसवावा, फटी काळ्या चिकटपट्टीने बुजवाव्यात आणि दाराखालच्या फटीला गोणपाट लावावे. बाकीच्या खिडक्यांवर काळ्या लोकरीचे घोंगडे दुहेरी करून टांगले, तर प्लास्टिकपेक्षा चांगला अंधार होतो, कारण घोंगड्यावरून प्रकाश परतत नाही. मग पुठ्ठ्याच्या मध्यावर 15 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे, स्वच्छ कडांचे गोल छिद्र पाडावे. छिद्र लहान केले तर प्रतिमा रेखीव होते पण अंधूक पडते. मोठे केले तर उजळ होते पण कडा विरघळतात. पहिल्या दिवशी या दोन टोकांमध्ये हलून आपल्या खोलीचे माप शोधण्यातच वेळ घालवावा.

आत गेल्यावर पहिली 2 मिनिटे काहीही दिसणार नाही आणि बहुतेक लोक तेथेच प्रयोग फसला असे समजून दार उघडतात. डोळे अंधाराला सरावायला निदान 10 मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइल न पेटवता बसले, की समोरच्या भिंतीवर आधी वर जमिनीचा मातकट पट्टा आणि खाली आकाशाचा फिकट पट्टा, मग झाड, मग झावळ्यांची हालचाल दिसू लागते. प्रतिमेचा आकार साध्या प्रमाणात काढता येतो: झाड 12 मीटर उंच आणि खिडकीपासून 24 मीटर दूर असेल आणि भिंत छिद्रापासून 3 मीटर असेल, तर झाड भिंतीवर दीड मीटर उंच उतरेल. भिंत पांढरी नसेल तर पांढरी चादर सुरकुती न पडू देता ताणून लावावी.

या भिंतीचे छायाचित्र घ्यायचे तर कॅमेरा तिपाईवर ठेवावा. वरच्या मापाच्या खोलीत आणि चांगल्या उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 800, छिद्रमान (भिंगाच्या उघडीपीचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) एफ 4 आणि 10 सेकंद येथून सुरुवात करावी, आणि मग 5 व 20 सेकंदांची आणखी दोन छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलमध्ये “प्रो” मोड असेल तर हेच आकडे भरावेत, मात्र मोबाइलचे छिद्रमान बहुधा एफ 2 च्या आसपास असल्यामुळे वेळ एक चतुर्थांश पुरते. पलंग, खुर्ची, दाराला अडकवलेली पिशवी अशा खोलीतल्या वस्तू मुद्दाम चौकटीत राहू द्याव्यात. आपल्या पलंगावर उलटे झाड उतरलेले दिसणे हाच या चित्राचा खरा आनंद आहे.

येथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती अनेक अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाही. आपण छिद्राकडे पाठ करून भिंत पाहतो, तेव्हा बाहेर पाहताना जे उजवीकडे होते ते भिंतीवरही उजवीकडेच दिसते. फक्त वरचे खाली जाते. म्हणजे भिंतीवरची प्रतिमा ही पाण्यातली उलट आहे, आणि समोरच्या दुकानाची पाटी तिच्यात आली असेल तर छायाचित्राला अर्धा फेरा दिल्यावर अक्षरे आरशातल्यासारखी दिसतील. ती सरळ वाचायची असतील तर “रोटेट” न वापरता उभे “फ्लिप” वापरले पाहिजे. उलट, प्रतिमा पातळ कापडावर घेऊन ती कापडाच्या मागून, खिडकीकडे तोंड करून पाहिली, तर खरा अर्धा फेरा मिळतो. जुन्या स्टुडिओतला छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर गिऱ्हाईक पाहत असे, ते असेच खाली डोके वर पाय आणि डावे-उजवे बदललेले असे.

कापडाचा हा प्रकार करायचा तर चष्म्याच्या दुकानातून +1 क्रमांकाचे गोल, न कापलेले भिंग आणावे. त्याचे केंद्रांतर 1 मीटर असते. पुठ्ठ्यात 5 सेंटीमीटरचे भोक पाडून ते बसवावे आणि भिंगापासून 1 मीटरवर जुन्या धोतराचा पातळ तुकडा ताणून टांगावा. मग कापड बोटभर पुढे-मागे करून प्रतिमा रेखीव करावी. साध्या छिद्राच्या मानाने ही प्रतिमा सुमारे 100 पट उजळ असते, त्यामुळे लहान मुलांना दाखवायला हाच प्रकार बरा. मात्र भिंगावर थेट सूर्य येणार नाही याची खात्री करावी, कारण एकत्र झालेल्या उन्हाने कापड पेटू शकते. आणि छिद्रातून किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये.

पाण्यातले चित्र

बेळगावच्या किल्ल्याजवळच्या तलावावर पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा, किंवा जुलैमध्ये खानापूर आणि येळ्ळूरच्या शिवारात रोप लावणीआधी चिखलणी झालेल्या वाफ्यांत पाणी साचते तेव्हा, आपल्याला विनासायास आरसे मिळतात. सूर्य चढला की वारा सुटतो, म्हणून सूर्योदयाच्या आधीच जागा धरावी.

पाण्यातले प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची हुबेहूब नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या जेवढा वर असेल तेवढाच पाण्याखाली बुडवून वर पाहिले असते तर जे दिसले असते, ते प्रतिबिंबात दिसते; म्हणून पुलाच्या कमानीचे पोट किंवा फांद्यांची खालची बाजू प्रतिबिंबात जास्त उघडी पडते. वर-खाली जवळजवळ सारखे हवे असेल तर कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली न्यावा, आणि वेगळेपण हवे असेल तर बांधावर उभे राहून घ्यावे. मोबाइल असेल तर तो उलटा धरावा. त्यामुळे भिंग खाली येते आणि रस्त्यावरच्या ओंजळभर पाण्याच्या डबक्यातही अख्खी इमारत मावते. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर न करता प्रतिबिंबातल्या वस्तूवर करावा, कारण प्रकाशाच्या हिशेबाने ती वस्तू दूरच असते. प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा काळसर असते, म्हणून प्रकाशमापन प्रतिबिंबावरून करावे. पोलरायझर फिल्टर, म्हणजे चकाकी कमी करणारी भिंगापुढची फिरती काच, लावलेला असेल तर तो काढावा किंवा फिरवून पाहावा. पाण्याकडे साधारण 37 अंशांच्या कोनातून पाहताना तो प्रतिबिंब जवळजवळ पुसूनच टाकतो.

घरी आल्यावर नुसते प्रतिबिंब कापून वेगळे करावे आणि उभ्या “फ्लिप”ने सरळ करावे. आता देऊळ पायावर उभे असते, पण त्याच्या कडा थरथरत असतात, आकाशात गवताची पाती उगवलेली असतात आणि एखादे पान ढगांच्या पुढे तरंगत असते. पाहणारा क्षणभर थांबतो तो या पानापाशी. म्हणून पाणी अगदी निर्मळ असलेच पाहिजे असा हट्ट धरू नये; एखादी काडी, एखादी लहर चौकटीत ठेवावी. मूळ आणि प्रतिबिंब यांतला फरक जाणकारांनाही चकवतो. फ्रेंच चित्रकार आँरी मातीस यांचे शिडाची होडी आणि तिचे पाण्यातले रूप दाखवणारे कागदकामातले चित्र 1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 47 दिवस उलटे टांगलेले होते, आणि ही चूक शेवटी एका चोखंदळ प्रेक्षक स्त्रीच्या लक्षात आली.

कोरीव दगड आणि प्रकाशाची दिशा

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, 1204 साली बांधलेल्या त्या जैन मंदिरात, किंवा हलशीच्या कदंबकालीन देवळांत तिरप्या उन्हात कोरीव कामाचे छायाचित्र घ्यावे आणि मोबाइल अर्धा फेरा फिरवून ते पाहावे. उठावाचे फूल खोलगट दिसू लागते आणि शिलालेखातली खोदलेली अक्षरे दगडातून वर आल्यासारखी भासतात. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो, म्हणून सावलीची जागा बदलली की खोली आणि उठाव यांची अदलाबदल होते. यावरून एक नियम लक्षात ठेवावा: कोरीव कामाचे छायाचित्र प्रदर्शनात किंवा लेखात लावताना प्रकाश चित्राच्या वरून, शक्यतो डाव्या वरच्या कोपऱ्यातून येईल असे लावावे. पुरातत्त्व खात्याच्या जागी छायाचित्रणाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

उलटे ठेवून रेखाटणे

चित्र काढायला शिकणाऱ्याला सर्वांत जास्त अडवते ते त्याचे ज्ञान. “हा डोळा” असे मनात आले की हात समोरचा डोळा न काढता पाठ केलेला बदाम काढतो. मूळ चित्राला अर्धा फेरा दिला की नावे गळून पडतात आणि फक्त रेषा, कोन आणि मधल्या मोकळ्या जागा उरतात. आपल्या बाजारपेठेतल्या पाट्यांवर याचा सुंदर अनुभव येतो: ज्याला कन्नड वाचता येते तो कन्नड अक्षरे घाईने, वाचल्यासारखी काढतो, पाटीचे छायाचित्र उलटे ठेवले की त्याच अक्षरांचे गोलावे तो पहिल्यांदाच नीट पाहतो.

सरावासाठी फक्त रेषांनी काढलेले चित्र घ्यावे, उदाहरणार्थ जू मानेवर घेतलेला बैल. ते उलटे ठेवून शेजारी तेवढ्याच मापाचा कोरा कागद ठेवावा. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि एका रेषेला लागून असलेलीच पुढची रेषा घ्यावी. बाह्यरेषा आधी पूर्ण करून मग आतले भरण्याचा मोह टाळावा, कारण त्यात प्रमाण बिघडते. शिंग आणि कान यांच्यामधली मोकळी जागा हाच एक आकार आहे असे समजून तोही काढावा. 30 ते 40 मिनिटे कागद सरळ करून पाहू नये. पाहिले की नावे परत येतात आणि हात पुन्हा पाठांतरावर जातो.

पूर्ण झालेले किंवा रंगवत असलेले स्वतःचे चित्र तपासायला आरसा वापरावा, हा सल्ला लिओनार्दो दा व्हिंचीनेच देऊन ठेवला आहे. झुकलेला खांदा, एका बाजूला घसरलेला चेहरा आरशात लगेच दिसतो. जर्मन चित्रकार गेओर्ग बाझेलित्स 1969 पासून माणसे आणि झाडे मुळातच उलटी रंगवत आले, ते विषयाच्या आधी रंग आणि मांडणी दिसावी म्हणून. नवशिक्याने मात्र रंगवून झालेले चित्र नुसते उलटे टांगून ती वाट धरू नये. ते उलटे *रंगवलेले* असणे हेच त्यातले कष्टाचे काम आहे.

काचेच्या मागून रंगवलेले गणपती

काचचित्रात उलटापालट दुहेरी असते. चित्र काचेच्या मागच्या बाजूला रंगवतात आणि पुढून पाहतात, म्हणून डावे-उजवे बदलते. आणि सर्वांत पुढे दिसायचे ते सर्वांत आधी रंगवावे लागते, म्हणून कामाचा क्रमही उलटा होतो.

3 किंवा 4 मिलिमीटर जाडीची काच घेऊन कडा घासून घ्याव्यात आणि स्पिरिटने पुसावे. रेखाटन बटर पेपरवर काढून तो कागद पान उलटावे तसा उलटावा, काचेखाली चिकटवावा आणि मग गिरवावे. हा कागद उलटायचा राहिला तर काय होते, ते गणपतीच्या चित्रात कळते: डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानणाऱ्या घरात तो कोणी भिंतीवर लावणार नाही. म्हणून रंगाला हात लावण्याआधी काच उचलून पुढच्या बाजूने एकदा पाहावे.

पहिल्या दिवशी एनॅमल रंगाने काळ्या बाह्यरेषा, डोळ्यातली पांढरी चमक, मुकुटातले खडे आणि दागिन्यांची सोनेरी टोके एवढेच करावे. 24 तास वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी गालावरची लाली आणि पितांबराच्या चुण्यांच्या छटा, त्यानंतर अंगाचा व वस्त्राचा सपाट रंग, आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. एखादी चूक झाली तर वरून झाकता येत नाही, कारण वरचा थर म्हणजे मागचा थर. ओले असतानाच कापसाच्या बोळ्याने पुसावे, वाळल्यावर ब्लेडने खरवडावे. थर वाळण्याआधी पुढचा दिला तर खालची रेघ विरघळून पसरते, आणि माझ्या पहिल्या तीन काचा घाईमुळे अशाच वाया गेल्या. शिळाछापाच्या कारागिरालाही दगडावर आरशातल्यासारखे रेखाटावे लागत असे. राजा रविवर्मा यांच्या 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातली देवतांची चित्रे आपल्या देवघरांत सरळ पोहोचली, ती दगडावरच्या उलट्या हातामुळे.

भिंग उलटे लावणे

हे थोडक्यात सांगता येते. बदलता येणाऱ्या भिंगाच्या कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरचे भिंग रिव्हर्स रिंग, म्हणजे भिंगाची पुढची बाजू कॅमेऱ्याला जोडणारी कडी, वापरून उलटे जोडले, तर वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, जवळजवळ आहे त्या आकाराची उतरते. 28 मिलिमीटरचे जोडले तर त्याच्या दीडदोन पट. रिंग घेताना भिंगाच्या पुढच्या आट्यांचे माप पाहावे. हाताने छिद्रमान बदलता येणारे जुने भिंग सर्वांत सोयीचे. एफ 8 ठेवावे आणि फोकस रिंगने न करता कॅमेराच केसभर पुढे-मागे सरकवून करावा. निपाणीकडच्या तंबाखूचे बी 1 मिलिमीटरपेक्षाही लहान असते. त्याच्या सालीवरची जाळी अशा भिंगातून दिसते.

जुन्या निगेटिव्ह आणि नकळत झालेली उलट

घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करताना आरशातली उलट फार सहज होते. फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी, रसायनाच्या थराची, मंद असते. फिल्मच्या कडेवरची अक्षरे आणि आकडे सरळ वाचता येतील अशी ती धरली, की चकचकीत बाजू आपल्याकडे असते आणि दृश्य सरळ असते. कड कापलेली असेल तर चित्रातच पुरावे शोधावेत: बाईंचा पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकपुडीत, पुरुषांचे जानवे डाव्या खांद्यावरून, सदऱ्याची काजे सदरा घालणाऱ्याच्या डाव्या पट्टीवर. यांतल्या एकाच खुणेवर विसंबू नये, निदान दोन जुळवून पाहाव्यात, कारण काही घरांत आणि समाजांत रीत वेगळी असते.

माझ्या आत्याच्या लग्नातले छायाचित्र एका स्टुडिओतून मोठे करून आणले होते आणि ते कित्येक वर्षे बैठकीच्या खोलीत लावलेले होते. त्यात आत्या काहीशी परकी वाटते असे सगळेच म्हणत, पण कारण कोणालाच सांगता येत नव्हते. फ्रेम पुसताना तिची नथ उजवीकडे दिसली, मग पदर पाहिला, मग मागच्या मंडपावरची आरशातली अक्षरे. निगेटिव्ह मंद बाजूने छापली गेली होती. ती मूळ निगेटिव्ह पाकिटात सापडल्यावर कडेवरचे आकडे वाचून पुन्हा स्कॅन केली, आणि आता प्रत्येक पाकिटावर मी पेन्सिलने दोनच गोष्टी लिहून ठेवतो: वरची बाजू दाखवणारा बाण, आणि चित्रातली डावीकडची पहिली व्यक्ती कोण.